धनुष्याचे काम दुकानात की घरी: बारा वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

मी बारा वर्षे तिरंदाजी करते आहे. पहिली आठ वर्षे केवळ रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले) धनुष्य हाती होते. नंतर कंपाउंडही (टोकांना चाके असलेले) घेतले आणि आता दोन्ही वापरते. या काळात माझ्या साहित्याचे काम चार वेगवेगळ्या दुकानांनी केले आणि त्यातले बरेचसे मी हळूहळू स्वतःकडे घेतले. त्यामुळे हे परीक्षण कोणा एका दुकानाचे नाही. तिरंदाजीचे दुकान ज्या सेवा देते त्यांपैकी कोणती त्यांच्याकडूनच घ्यावी, कोणती घेतल्यावरही घरी पुन्हा तपासावी लागते आणि कोणती दुकानाला मुळात नीट देताच येत नाही, याबद्दलचे माझे मत आता पक्के झाले आहे आणि तेच येथे सविस्तर मांडते आहे.

मला घरच्या कामाकडे वळवले ते एका नव्या दोरीने. जुन्या दोरीचे धागे विरू लागले होते, म्हणून मी रिकर्व्ह दुकानात दिले. त्यांनी नवी दोरी चढवली, नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण अडकवण्याच्या जागेची खूण) बांधला, ब्रेस हाइट मोजून दाखवली आणि धनुष्य परत केले. ब्रेस हाइट म्हणजे दोरी ओढलेली नसताना मुठीच्या सर्वांत खोल भागापासून दोरीपर्यंतचे अंतर. पहिले दोन दिवस सगळे उत्तम चालले. त्यानंतर बाणांचा ग्रुप (लक्ष्यावर पडलेल्या बाणांचा पुंजका) सरकू लागला, पसरू लागला आणि धनुष्याचा आवाजही बदलला. मी तीन आठवडे दोष माझ्या रिलीजमध्ये (दोरी सोडण्याच्या हालचालीत) शोधत राहिले, बोटांची पकड बदलली, खांद्याची ठेवण बदलली आणि जे मुळात बरोबर होते तेही बिघडवून घेतले. शेवटी प्रशिक्षकांनी दोरीला बो-स्क्वेअर (काटकोनी मोजपट्टी) लावला तेव्हा ब्रेस हाइट जवळजवळ एक सेंटीमीटरने उतरलेली निघाली. नवी दोरी पहिल्या काहीशे बाणांत बसते, म्हणजे तिचे धागे आणि वेढे एकमेकांत घट्ट होऊन तिची लांबी किंचित वाढते. दोरी उतरवून तिला आणखी काही वेढे दिले, ती आखूड झाली, ब्रेस हाइट पूर्ववत झाली आणि ग्रुप जागेवर आला. या कामाला पाच मिनिटेही लागली नाहीत.

दुकानाने काम चुकीचे केले होते असे मी म्हणणार नाही. दोरी चांगल्या दर्जाची होती आणि त्या दिवसाचे मोजमाप अचूक होते. मात्र दोरी बसल्यावर पुन्हा मोजावे लागेल हे मला कोणी सांगितले नाही, आणि माझ्याजवळ स्वतःचा एकही आकडा लिहून ठेवलेला नसल्यामुळे काय बदलले हे मला कळण्याचा मार्गच नव्हता. त्या दिवसापासून मी एक वही ठेवते. ब्रेस हाइट, वरचा आणि खालचा टिलर (धनुष्याच्या त्या त्या भुजेपासून दोरीपर्यंतचे अंतर), नॉकिंग पॉइंटची उंची, हाती येणारे पाउंडेज (ओढीचा ताण), शाफ्टची (बाणाच्या दांड्याची) लांबी, पॉइंटचे (बाणाच्या टोकाचे) वजन आणि प्लंजरची (बाणाला बाजूने टेकणाऱ्या स्प्रिंगच्या खिळीची) स्थिती हे सगळे तिच्यात तारखेसह असते. दुकानाची सेवा चांगली की वाईट हे ठरवण्याचे साधन मला या वहीनेच दिले. त्याआधीची माझी मते केवळ दुकानदाराच्या बोलण्यावरून बनलेली होती.

पहिले धनुष्य घेण्याच्या वेळी दुकानाला पर्याय नाही, हे मी निःसंकोचपणे सांगते. रायझरची (धनुष्याच्या मधल्या, मुठीच्या भागाची) लांबी, लिंबांचे (वरच्या-खालच्या लवचीक भुजांचे) माप आणि झेपेल असे पाउंडेज ठरवण्यासाठी समोर तऱ्हेतऱ्हेची धनुष्ये असावी लागतात आणि ती ओढताना कोणीतरी जाणकाराने बाजूने पाहावे लागते. रिकर्व्ह लिंबांवरचे पाउंडेज २८ इंच ड्रॉ (दोरी ओढण्याची लांबी) गृहीत धरून लिहिलेले असते आणि त्या आसपास ड्रॉ एक इंच कमी-जास्त झाला तर ताण साधारण दोन पाउंडांनी कमी-जास्त होतो. त्यामुळे लिंबांवर ३० लिहिलेले असले तरी २६ इंच ड्रॉ असलेल्या व्यक्तीच्या बोटांवर प्रत्यक्षात सुमारे २६ पाउंडच येतात. चांगला दुकानदार हे समजावून सांगतो, हातकाट्याने मोजून दाखवतो आणि ग्राहक जास्त वजनाचा हट्ट धरत असेल तर स्पष्टपणे नकार देतो. माझ्या पहिल्या दुकानदाराने मला २४ पाउंडांच्या वर जाऊ दिले नाही. तेव्हा मी नाराज झाले होते, पण माझा खांदा आजही शाबूत आहे यात त्या नकाराचा मोठा वाटा आहे असे मी मानते.

त्याच भेटीत एक चूकही झाली आणि ती अनेकांच्या बाबतीत होते. नवशिक्या तिरंदाजाचा ड्रॉ काउंटरपाशी मोजला जातो तेव्हा तो अवघडलेला असतो, कोपर पूर्ण मागे गेलेले नसते आणि अँकर (ओढलेला हात चेहऱ्यावर टेकण्याची जागा) अजून ठरलेला नसतो. काही महिन्यांत पाठीचे स्नायू काम करू लागतात आणि ड्रॉ लांबतो. माझे पहिले बारा बाण त्या पहिल्या दिवसाच्या मापाने कापले गेले आणि चार महिन्यांत ते धोकादायक वाटावेत इतके आखूड ठरले, कारण पूर्ण ओढल्यावर बाणाचे टोक रेस्टच्या (बाण टेकतो त्या आधाराच्या) मागे घसरण्याच्या बेतात येत असे. पहिले बाण मुद्दाम लांब ठेवावेत हे दुकानाने स्वतःहून सांगायला हवे. त्यांनी सांगितले नाही तर ग्राहकाने मागून घ्यावे.

बाणाची निवड हा दुकानाच्या ज्ञानाचा खरा कस आहे. बाण सुटतो तेव्हा तो सरळ जात नाही. दोरीच्या धक्क्याने वाकतो आणि माशासारखा वळवळत रायझरला वळसा घालून निघतो. हे वाकणे धनुष्याच्या ताकदीशी जुळले पाहिजे आणि त्यासाठी शाफ्टचा ताठपणा, म्हणजे स्पाईन, मोजतात. २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर शाफ्ट ठेवून मध्ये १.९४ पाउंड, म्हणजे सुमारे ८८० ग्रॅम वजन टांगायचे आणि शाफ्ट किती झुकला ते इंचाच्या हजाराव्या भागात वाचायचे, अशी ही पद्धत आहे. अर्धा इंच झुकला तर स्पाईन ५००. आकडा जितका मोठा तितका शाफ्ट लवचीक. कंपन्या यासाठी तक्ते देतात आणि बहुतेक दुकाने त्या तक्त्यावर बोट ठेवून शाफ्ट देतात. तक्ता ही सुरुवात आहे. प्रत्यक्षात शाफ्ट किती लांब ठेवला, पुढे किती वजनाचा पॉइंट लावला आणि बोटांवरून सोडला की रिलीजने (दोरी धरून सोडणाऱ्या हातातल्या साधनाने), यावर वागणूक बदलते. लांबी आणि जड पॉइंट बाणाला नरम करतात, तर कापणे त्याला ताठ करते. माझ्या चार दुकानांपैकी एकानेच मला दोन वेगवेगळ्या स्पाईनचे नमुन्याचे शाफ्ट लेनवर मारून पाहायला दिले आणि त्या एका गोष्टीमुळे मी बाणांसाठी अजूनही तिथेच जाते.

शाफ्ट कापण्याचे काम मी घरी करत नाही आणि करावे असे कोणाला सांगणारही नाही. कार्बन शाफ्ट वेगाने फिरणाऱ्या घासकामाच्या चाकावरच कापावा लागतो. नळ कापण्याच्या साधनाने तो दाबला जाऊन टोकाचे तंतू चिरडतात आणि ती चीर पुढे पूर्ण शाफ्टभर जाऊ शकते. शिवाय कार्बनची धूळ श्वासात जाऊ नये यासाठी मास्क आणि धूळ ओढून घेणारी व्यवस्था हवी. दुकानात हे सगळे असते, कापलेली कड काटकोनात घासून देण्याचे साधनही असते, आणि वर्षातून एक-दोनदा लागणाऱ्या कामासाठी ते यंत्र घरी आणण्यात अर्थ नाही. फक्त एक काळजी घ्यावी. लांबी कुठून कुठपर्यंत मोजायची हे तोंडी न सांगता लिहून द्यावे, कारण नॉकच्या (बाणाच्या मागच्या, दोरीत अडकणाऱ्या टोकाच्या) खाचेपासून शाफ्टच्या कडेपर्यंतची लांबी आणि पॉइंटच्या टोकापर्यंतची लांबी यांत बोटभर फरक पडतो. माझ्या ओळखीच्या एका तिरंदाजाचा बाणांचा अख्खा संच या गैरसमजात वाया गेला आणि तेव्हा चूक कोणाची हे ठरवायला कागदच नव्हता.

पिसे लावण्याचे काम मात्र पहिल्याच वर्षी घरी आणावे. त्याला फ्लेचिंग जिग (पिसे चिकटवताना बाण धरून ठेवणारे साधन), जलद सुकणारा गोंद, शाफ्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शांत संध्याकाळ एवढेच लागते. दुकान हे काम वाईट करते असे नाही. पण तिथे एका वेळी अनेकांचे बाण असतात आणि प्रत्येक व्हेन (प्लॅस्टिकचे पीस) चिकटवण्याआधी शाफ्ट किती काळजीने पुसला गेला हे आपल्याला कळत नाही. व्हेन निघण्याचे कारण बहुतेक वेळा गोंद नसतो, तर हाताचा तेलकटपणा असतो. घरी मी शाफ्ट पुसल्यावर त्या भागाला बोट लावत नाही, जिगमध्ये प्रत्येक व्हेन पूर्ण बसू देते आणि पुढच्या टोकाला गोंदाचा एक बारीक थेंब देते, म्हणजे बाण लक्ष्यात घुसताना व्हेन उचलली जात नाही. अॅसिटोन मी शाफ्ट पुसायला घेत नाही, कारण नॉक सहसा पॉलिकार्बोनेटचे असतात आणि अॅसिटोन लागल्यावर ते ठिसूळ होऊन तडकतात. ही गोष्ट मला कोणत्याही दुकानात कळली नाही. एका संध्याकाळी तीन नॉक तडकल्यावर कळली. या कामाचा आणखी एक फायदा असा की प्रत्येक बाण हातातून जातो. मी दर वेळी कार्बन शाफ्टची दोन्ही टोके धरून तो हलकेच वाकवते, फिरवत फिरवत चारही दिशांना वाकवते आणि कान देऊन ऐकते. करकर आवाज आला किंवा बोटाला चीर जाणवली तर तो बाण त्याच क्षणी बाद. तडा गेलेला कार्बन बाण सुटताना फुटला तर त्याचे तुकडे धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. ही तपासणी कोणतेही दुकान आपल्यासाठी रोज करू शकत नाही.

दोरीच्या बाबतीत माझे मत काळानुसार बदलले. आरंभी मी तयार दोऱ्या घेत असे. त्या चांगल्या असतात, परंतु त्यांच्या मधल्या सर्व्हिंगची (दोरीवर गुंडाळलेल्या संरक्षक धाग्याची) जाडी माझ्या नॉकला जुळेलच याची खात्री नसते, आणि नॉकची पकड ही क्षुल्लक बाब नाही. बाण दोरीला अडकवून धनुष्य असे धरावे की बाण खाली लोंबेल. तो आपोआप पडता कामा नये, मात्र नॉकपासून दोन-तीन सेंटीमीटरवर दोरीला टिचकी मारली की निसटला पाहिजे. घट्ट असेल तर दोरी बाणाला प्रत्येक वेळी वेगळी ओढ लावते. सैल असेल तर ओढताना नॉक निसटण्याची भीती राहते, आणि तसे होऊन दोरी रिकामी सुटली तर बाणात जाणारी सगळी ताकद लिंबांत परत जाते. दुकानातून आलेल्या दोन दोऱ्या मी याच कारणाने परत केल्या. आता सर्व्हिंग मी स्वतः गुंडाळते, धाग्याची जाडी माझ्या नॉकप्रमाणे निवडते आणि नॉकिंग पॉइंट पितळेच्या कडीऐवजी धाग्यानेच बांधते, कारण तो हलका असतो आणि गाठी फिरवून बारीकसा वर-खाली करता येतो. पूर्ण दोरी बनवायला स्ट्रिंग जिग लागते आणि शिकायला धीर लागतो; माझ्या पहिल्या तीन दोऱ्यांचे धागे असमान ताणाचे झाले आणि मी त्या धनुष्याला लावल्याच नाहीत. चौथीपासून जमले. ज्यांना हा नाद नाही त्यांनी दोरी विकत घ्यावी, पण सर्व्हिंग करायला नक्की शिकावे. येथे एक इशारा आवश्यक आहे: जुन्या लाकडी धनुष्याची टोके मजबूत केलेली नसतील तर त्याला न ताणल्या जाणाऱ्या आधुनिक धाग्याची दोरी लावू नये. त्याला डेक्रॉनच योग्य, कारण ती किंचित ताणली जाते आणि धक्का सोसते.

रिकर्व्हचे ट्यूनिंग दुकानात होऊ शकत नाही, हे या संपूर्ण परीक्षणातले माझे सर्वांत ठाम विधान आहे. दुकान धनुष्य जुळवून देऊ शकते: दोरी दोन्ही लिंबांच्या मध्यरेषेवरून जाते की नाही पाहते, टिलर लावते, नॉकिंग पॉइंट काटकोनाच्या थोडा वर बांधते. एवढे काम दुकानाकडून जरूर करून घ्यावे, विशेषतः लिंबांची सरळ रेषा, कारण ती पाहण्याची नजर तयार व्हायला वेळ लागतो. परंतु त्यानंतरचा प्रत्येक फेरबदल माझ्या बोटांवर, माझ्या अँकरवर आणि माझ्या थकव्यावर अवलंबून असतो. दुकानदाराने माझे धनुष्य ओढून, माझे बाण मारून लावलेला प्लंजर त्याच्यासाठी बरोबर असतो.

मी वापरते ती पद्धत पिसे नसलेल्या बाणाची आहे. १८ ते ३० मीटरवर पिसे असलेले तीन बाण आणि बिनपिसांचे दोन बाण मारायचे. पिसे बाणाच्या चुका उडताना झाकतात. बिनपिसांचा बाण त्या उघड करतो. उजव्या हाताच्या तिरंदाजाचा बिनपिसांचा बाण ग्रुपच्या डावीकडे लागला तर शाफ्ट ताठ पडतो आहे, उजवीकडे लागला तर नरम. ताठ असेल तर प्लंजरची स्प्रिंग सैल करावी किंवा लिंबबोल्टने पाउंडेज थोडे वाढवावे; नरम असेल तर याच्या उलट. आयएलएफ या प्रमाणित जोडणीच्या लिंबांत बोल्ट फिरवून साधारण दहा टक्क्यांपर्यंत पाउंडेज बदलता येते, मात्र बोल्ट किती फेऱ्यांपर्यंत बाहेर काढता येतो याची उत्पादकाने दिलेली मर्यादा कधीही ओलांडू नये. बिनपिसांचा बाण ग्रुपच्या वर लागला तर नॉकिंग पॉइंट खाली आहे, तो वर न्यावा. खाली लागला तर तो खाली आणावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत लिहावी. हे वाचायला सोपे वाटते, पण मला पहिल्यांदा संपूर्ण ट्यूनिंग करायला सहा सत्रे लागली, कारण मी दमल्यावर मारलेल्या बाणांवर विश्वास ठेवत होते. आता मी ट्यूनिंग सरावाच्या सुरुवातीलाच, थोडे बाण मारून अंग मोकळे झाल्यावर करते आणि तीन फेऱ्यांत तोच निकाल आला तरच बदल करते. दुकानाला ही सहा सत्रे देणे शक्य नसते, आणि त्यात त्यांचा दोषही नाही.

हे सगळे इतके बारीक का पाहायचे, असे कोणी विचारले तर ७० मीटरचे लक्ष्य आठवावे. १२२ सेंटीमीटरच्या त्या फेसवर (लक्ष्याच्या कागदावर) दहाचे वर्तुळ १२.२ सेंटीमीटर व्यासाचे असते. डोळ्यापासून साइटचे (धनुष्यावरच्या नेम धरण्याच्या साधनाचे) अंतर ८५ सेंटीमीटर धरले तर साइटची पिन १ मिलिमीटर सरकल्याने ७० मीटरवर बाण सुमारे ८ सेंटीमीटर हलतो. म्हणजे सैल पडलेला एक स्क्रू दहाचा आठ करायला पुरेसा आहे. म्हणून अॅलन चाव्यांचा संच बॅगेत असावा, आणि तो इंची आणि मिलिमीटर अशा दोन्ही मापांचा असावा, कारण एकाच धनुष्यावर दोन्ही प्रकारचे स्क्रू निघतात. स्पर्धेच्या मैदानावर दुकान नसते.

कंपाउंडकडे वळल्यावर माझे मत बरेच बदलते. होलेस विल्बर अॅलन यांनी १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मिळाले तेव्हापासून या धनुष्याचे मूळ तत्त्व तेच आहे: कॅम (लिंबाच्या टोकाचे चाक) फिरतो, शिखरावरचा ताण ओलांडला की भार उतरतो आणि पूर्ण ओढल्यावर हातात थोडेच वजन उरते. ६० पाउंडांच्या, म्हणजे जागतिक स्पर्धांत मान्य असलेल्या कमाल ताणाच्या धनुष्यात ८० टक्के लेट-ऑफ (ताणातली घट) असेल तर १२ पाउंड धरून नेम घेता येतो. हे सोयीचे आहे, पण त्याची दुसरी बाजू अशी की दोरी ओढलेली नसतानाही लिंबांत प्रचंड ताण साठलेला असतो. दोरी किंवा केबल (कॅमना जोडणारी जादा दोरी) काढायची तर धनुष्य बो-प्रेसमध्ये दाबून तो ताण आधी सैल करावा लागतो. रिकर्व्ह हाताळण्याच्या आत्मविश्वासाने कंपाउंडची दोरी उतरवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. आजच्या अनेक धनुष्यांचे लिंब जवळजवळ समांतर असतात आणि त्यांना टोकांवर धरणारी प्रेस लागते. जुन्या पद्धतीची, रायझरला आधार घेऊन दाबणारी प्रेस अशा लिंबांना चुकीच्या दिशेने वाकवू शकते. उत्पादकाच्या पुस्तिकेत कोणती प्रेस चालेल हे लिहिलेले असते आणि मी दुकानातही आधी तेच विचारते. एका ठिकाणी कारागिराला उत्तर देता आले नाही, तेव्हा मी धनुष्य परत बॅगेत ठेवले.

प्रेस घरी घ्यावी का, या प्रश्नावर मी दोन वर्षे विचार केला आणि नाही असा निर्णय घेतला. वर्षातून दोन-तीनदा लागणाऱ्या कामात हात पक्का होत नाही, आणि येथील चूक लिंब मोडण्यात किंवा डोळ्याला इजा होण्यात संपू शकते. घरात दोन-तीन कंपाउंड असतील, शिकवणारा कारागीर असेल आणि पहिल्या काही वेळा तो शेजारी उभा राहणार असेल तर माझे मत वेगळे असते.

मी आता ज्या कारागिराकडे कंपाउंड देते त्याच्या कामाबद्दल लिहिलेच पाहिजे. मी तक्रार घेऊन गेले होते ती बाण डावीकडे जात असल्याची, आणि मला वाटत होते की कॅमचा कल बिघडला आहे. त्याने कॅमला हात लावण्याआधी कापसाचा बोळा घेतला आणि तो दोन्ही लिंबांच्या कडांवरून सावकाश फिरवला. वरच्या लिंबाच्या आतल्या कडेला कापसाचे तंतू अडकले. डोळ्याला न दिसणारी चीर तिथे होती. तो म्हणाला, “ताई, हे धनुष्य आज मी ट्यून करणार नाही आणि तुम्हीही ते ओढू नका.” लिंबांचा नवा संच येईपर्यंत पाच आठवडे गेले, माझा हंगाम अर्धा चुकला, आणि तरीही त्या दिवशी त्याने केले त्याहून चांगली सेवा मला कोणत्याही दुकानात मिळालेली नाही. कापसाची ती तपासणी मी आता दर महिन्याला स्वतः करते.

कंपाउंडची काही कामे प्रेसशिवाय होतात आणि ती आपणच करावीत. डी-लूप हे त्यातले पहिले. रिलीजचा सगळा भार तो छोटासा फासा पेलतो, आणि पूर्ण ओढलेल्या स्थितीत तो तुटला तर आपलीच मूठ आपल्या तोंडावर येते. दोरखंडाचा सुमारे ११ ते १२ सेंटीमीटरचा तुकडा घ्यावा, टोके जाळून गोळी करावी, दोन गाठी विरुद्ध बाजूंनी बांधाव्यात आणि पक्कडीने ताणून घट्ट बसवाव्यात. झिजलेला दिसण्याची वाट पाहू नये. दोरीला मेण लावणे, केबल कॅमवर जिथे येते तिथे पेनाने खूण करून ठेवणे आणि अक्ष ते अक्ष (दोन्ही कॅमच्या अक्षांमधले) अंतर अधूनमधून मोजणे हीही घरचीच कामे. खूण सरकलेली दिसली तर केबल ताणली गेली आहे असे समजावे, आणि दोन्ही कॅमचे थांबे (ओढ जिथे संपते ते अडसर) एकाच क्षणी टेकत नाहीत असे वाटले तर दुकान गाठावे, कारण केबलला अर्धा वेढा द्यायलाही प्रेसच लागते.

बाण फार हलका घेऊ नये हेही येथेच सांगते, कारण वेग वाढवण्याच्या मोहात दुकाने आणि ग्राहक दोघेही सापडतात. अनेक कंपाउंड उत्पादक धनुष्याच्या प्रत्येक पाउंडामागे किमान ५ ग्रेन वजनाचा बाण मागतात; ५० पाउंडांच्या धनुष्याला २५० ग्रेन, म्हणजे सुमारे १६ ग्रॅम. त्याहून हलका बाण रिकामी दोरी सोडल्याच्या दिशेने जाणारे पाऊल आहे. ग्रेनमध्ये वजन दाखवणारा छोटा काटा घरी असला की हा हिशेब कोणावर सोडावा लागत नाही.

चांगले दुकान ओळखण्यासाठी मी आता काही गोष्टी पाहते. तिथे मारून पाहायची लेन आहे का, आणि कारागीर मला मारताना पाहतो का, ही पहिली. काम सुरू करण्यापूर्वी तो आधीची मापे लिहून घेतो का, ही दुसरी, कारण जो आधीची मापे लिहितो तो काही बिघडल्यास मूळ स्थितीत परत आणू शकतो. बदललेला जुना भाग तो मागितल्याशिवाय परत देतो का, हेही पाहते. आणि मी सांगितलेल्या आकड्यावर तो प्रश्न विचारतो तेव्हा मला बरे वाटते. याउलट काउंटरवर कोणी बाणाशिवाय धनुष्य ओढून दोरी सोडताना दिसले आणि त्याला दुकानातल्या कोणी रोखले नाही, तर त्या दुकानात माझे साहित्य मी ठेवत नाही.

घरचे काम प्रत्येकाने करावेच असा माझा आग्रह नाही. वाढत्या वयाच्या मुलांचे ड्रॉ आणि ताकद काही महिन्यांत बदलतात; त्यांच्यासाठी लिंब बदलून देणारे दुकान घरच्या कोणत्याही साधनापेक्षा उपयोगी असते. ज्यांना बारीक काम करताना घाई होते त्यांनी सर्व्हिंगपलीकडे जाऊ नये. पण बो-स्क्वेअर, अॅलन चाव्या, मेण आणि वही एवढे पहिल्या महिन्यातच हवे. फ्लेचिंग जिग आणि सर्व्हिंगचे साधन त्यानंतर, आणि स्ट्रिंग जिग एखादे वर्ष स्थिर सराव झाल्यावर. वेळेचा हिशेबही करावा: हंगामाच्या तोंडावर दुकानात धनुष्ये साचतात, आणि वीस मिनिटांच्या नॉकिंग पॉइंटसाठी मी एकदा नऊ दिवस धनुष्याशिवाय राहिले आहे.

गेल्या महिन्यात कंपाउंडची दोरी आणि केबल बदलायची होती. मी वहीतले पान उतरवून कारागिराला दिले: पाउंडेज, ड्रॉ, अक्ष ते अक्ष अंतर, ब्रेस हाइट, पीपची (दोरीत बसवलेल्या, नेम धरण्याच्या छिद्राची) उंची आणि दोन्ही कॅमवरच्या खुणा. त्याने ते प्रेसशेजारी चिकटवले, काम झाल्यावर प्रत्येक आकड्यापुढे आपला आकडा लिहिला आणि पीपपुढे लिहिले, “दोनशे बाणांनंतर फिरेल, तेव्हा या.” मी १९० बाण मारले आहेत, पीप किंचित डावीकडे वळलेला दिसतो आहे आणि येत्या शनिवारची वेळ घेतली आहे.